पंचगंगेच्या काठातले पुराचे थर: खोदकामाच्या नोंदी

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं, 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा आलं. दोन्ही वेळा गल्लीत एकच बोलणं: असा पूर कधी झालाच नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. पण मोजपट्टी नव्हती तेव्हा काय होत होतं? आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात चुनखडीच्या गुहा नसतात, त्यामुळे लवणस्तंभांतून (गुहेत ठिबकत्या पाण्यानं थरांथरांनी वाढलेल्या चुन्याच्या खांबांतून) जुना पाऊस वाचायची सोय आपल्याकडे नाही. गाळ मात्र पंचगंगेनं भरपूर ठेवलाय. पुणे विद्यापीठातले विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीच्या काठचा पुराचा गाळ वाचून मोजपट्टीच्या आधीचे पूर शोधले. ते वाचल्यापासून हे काम डोक्यात होतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. सोबत भाचा आणि दोन माजी विद्यार्थी. सुटीच्या दिवशीच काम. आपापल्या नदीवर कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका त्यांच्या कामी याव्यात म्हणून ही वही जशीच्या तशी उतरवतोय.

12 जानेवारी 2025

जागा बघत हिंडलो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या एकत्र येतात, त्याच्या खालचा पट्टा. अशी जागा हवी होती जिथं पुराचं पाणी चढतं पण ओढ नसते, म्हणजे ओढ्याचं मुख किंवा वळणाच्या आतली बाजू. ओढ असली की नदी जुना गाळ खरवडून नेते, पाणी संथ असलं की गाळ बसतो.

चार जागा पाहिल्या. एका ठिकाणची माती वीटभट्टीला गेलेली, वरचे सात-आठ फूट गायब. दुसरीकडं काठ नुकताच ढासळलेला. उरल्या दोन. त्यांतली रस्त्याजवळची निवडली, कारण सामान न्यायला सोपी. जागा निवडायचं हे कारणच चुकीचं होतं.

26 जानेवारी

दोन गडी लावून दीड मीटरचा खड्डा काढला. दोन दिवस, रोजची सहाशे हजेरी, एकूण 2,400 रुपये. सगळी मातीच. एकही थर दिसेना. दीड मीटरवर काँक्रीटचा तुकडा निघाला आणि आमचे चेहरे उतरले. रान सपाट करताना जेसीबीनं लोटलेली भर होती ती.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "व्हय की, धा-बारा वर्षांमागं भर टाकलीया. तुम्ही इचारलंच न्हाई." खड्डा बुजवून दिला.

तेव्हापासून नियम केला, कुदळ उचलण्याआधी रानाच्या मालकासोबत बसायचं. कुठं भर पडली, कुठून माती नेली, पाइपलाइन कधी टाकली, जुना पाट कुठून होता, हे सगळं विचारायचं. आमच्या 2,400 रुपयांचं काम एका चहावर झालं असतं.

9 फेब्रुवारी

चौथी जागा. ओढ्याच्या मुखाशी, डाव्या काठाला. ऊस तुटून गेला होता म्हणून जाता आलं. रान तात्यांचं. वय ऐंशीच्या घरात, जन्म इथलाच. काठाची वीस फुटांची पट्टी त्यांनी कधी नांगरलेली नाही, तिथं हराळी आणि लव्हाळा. आम्हाला हेच हवं होतं.

यावेळी खड्डा नाही. काठ आधीच उभा कापलेला होता, तोच साफ करायचा. खालपासून वरपर्यंत एक सरळ भिंत करू नका. आम्ही तीन पायऱ्या केल्या, प्रत्येकी साधारण पाऊण मीटर. पोयटा (नदीचा बारीक, मऊ गाळ) कोरडा असला की दगडासारखा वाटतो, आणि एकदम अंगावर येतो. अडीच मीटरच्या भिंतीखाली पोरांना उभं करायची माझी तयारी नव्हती.

हत्यारं साधीच: खुरपं, गवंड्याची थापी, रंगाऱ्याचा ब्रश आणि फवारणीचा हातपंप. खुरप्यानं वरचा वाळलेला पापुद्रा काढला तरी थर दिसेनात, सगळं करडं. भाच्यानं धूळ बसावी म्हणून पाणी मारलं आणि भिंत ओली होऊन काळी पडली. वैतागून जेवायला बसलो. अर्ध्या तासानं उठलो तर समोर पट्टे! बारीक वाळूचा थर आधी वाळून फिकट पिवळसर झाला होता, चिकण थर अजून काळा, ओला, आणि मधला पोयटा विटकरी. ओलं आणि कोरडं यांच्या मधली ती वीसेक मिनिटंच थर वाचायची. त्यानंतर रोज तसंच केलं. पाणी मारायचं, थांबायचं, फोटो, मग मोजणी.

बहुतेक पट्ट्यांत क्रम तोच, खाली बारीक वाळू, वर पोयटा, सगळ्यात वर चिकण मातीची बोटभरही नसलेली साय. पाणी संथ होत गेलं तसं आधी जड कण बसले, शेवटी हलके.

16 फेब्रुवारी

मागच्या रविवारची मोजमापं आणि आजची जुळेनात. सगळ्या थरांत 14 सेंटिमीटरचा फरक. आम्ही टेप काठाच्या गवतापासून सोडत होतो, आणि आठवड्यात ती कड खचली होती.

दिवस गेला पण दुरुस्ती पक्की केली. तात्यांच्या जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) काँक्रीटमध्ये खिळा मारला, लाल रंग लावला. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी 20 मीटर घेतली आणि खिळ्याची पातळी भिंतीवर आणून सुतळी बांधली. आता सगळी मापं सुतळीपासून. झाडाला खूण करायचा मोह होईल, तो टाळा. झाडाचा बुंधा जाड होतो, खिळा आत जातो, आणि पुरात झाडच गेलं तर सगळं संपलं.

2 मार्च

वरच्या 110 सेंटिमीटरमध्ये प्लास्टिक आहे, त्याखाली नाही. थर ओळखायला आम्हाला सगळ्यात जास्त मदत या कचऱ्यानं केली. पुरात पुड्या, पिशव्या तरंगत येतात, पाणी ओसरताना गाळाबरोबर आडव्या बसतात आणि शाई टिकून राहते.

सुतळीखाली 6 सेंटिमीटरवर पहिला थर, 5 सेंटिमीटर जाडीचा. त्यात तोंडाला लावायच्या मास्कचं निळं कापड आणि कानाची लवचीक दोरी. मास्क आहे म्हणजे 2020 च्या आधीचा हा थर नाही. 2021 चाच, कारण त्यानंतर इतक्या उंचीवर पाणी आलेलं तात्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्या खाली 12 सेंटिमीटरचा जाड थर, त्यात चिप्सचं पाकीट, पॅकिंगचा महिना जून 2019. हे हातात आलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. त्याच पाण्यात आमचं घर होतं.

पुढं तारीख नसलेल्या पुड्या. त्यांच्यासाठी आम्ही छापाच्या खुणा वापरल्या. रुपयाचं ₹ चिन्ह जुलै 2010 मध्ये आलं, पुडीवर ते असेल तर ती त्यानंतरची. जीएसटीचा उल्लेख असेल तर जुलै 2017 नंतरची. शाकाहाराचा हिरवा ठिपका 2001 पासून. गुटख्याची पुडी असेल तर बहुधा जुलै 2012 च्या, म्हणजे राज्यातल्या बंदीच्या आधीची, पण यावर फार भरवसा ठेवू नये. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरची. आणि किमतीपुढं 'सर्व करांसह' असेल तर 1990 नंतरची. त्याआधी 'स्थानिक कर वेगळे' अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत छापलेला असायचा.

58 सेंटिमीटरवर बिस्किटाचा कागद: हिरवा ठिपका आहे, किंमत 'रु.' अक्षरांत, ₹ नाही. म्हणजे ढोबळमानानं 2001 ते 2010. हा थर आम्ही 2005 च्या मोठ्या पुराचा धरला. 94 वर चहाची पुडी, 'लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा'. तिच्या थराला 1989 च्या पुराचा म्हणायचा मोह झाला, पण पेन्सिलनं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

9 मार्च

मोठा धक्का. 128 सेंटिमीटरवर, म्हणजे पेन्सिलनं 1989 लिहिलेल्या थराच्याही एक फूट खाली, शॅम्पूची पुडी. वर स्पष्ट ₹ चिन्ह.

याचा अर्थ 128 च्या वरचं सगळं 2010 नंतरचं. म्हणजे आमचा सगळा हिशेब चुकीचा. रात्री बसून थरांना नवी वर्षं लावली, एकेका पुराला तीन-तीन थर दिले, काही केल्या बसेना. पुढचे दोन आठवडे यातच गेले.

23 मार्च

उत्तर तात्यांकडून मिळालं. मी पुडीचा फोटो दाखवून अडचण सांगितली. ते भिंतीकडं न बघता रानाकडं बघत म्हणाले, "मास्तर, मे म्हयन्यात ह्या रानात पाय टाकला तर घोट्यापातूर भेगंत जातोय. कागद जाणार न्हाई व्हय?"

भिंत पुन्हा ओली केली, थांबलो, नीट पाहिलं. पुडी जिथं होती तिथून वर जाणारी काळी निमुळती पट्टी, वर दोन बोटं रुंद, खाली धाग्याएवढी. आडवे थर तिच्या दोन्ही बाजूंना तुटलेले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं भेगेत पडतं, पावसात माती फुगते आणि तोंड मिटतं. आमची पुडी उभी होती, कड वर. 9 तारखेला काढतानाच ती उभी होती, आणि कुणीही ते वहीत लिहिलं नव्हतं. फोटोत दिसली म्हणून कळलं.

आता वस्तू दिसली की हात लावायचा नाही. आधी फोटो, मग आडवी की उभी की तिरकी ते लिहायचं, मग तिच्या वरची साय अखंड आहे का ते पाहायचं. आडवी असेल आणि वरची साय तुटलेली नसेल तरच ती साक्षीदार. या नियमानं 23 वस्तूंपैकी 9 बाद झाल्या. खेकड्याच्या बिळातल्या दोन त्यात आल्या. चहाची पुडी आडवी होती, ती राहिली.

6 एप्रिल

कणांची चाचणी. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं: वाळू मिनिटभरात बसते, पोयट्याला तास लागतात, चिकण मातीला दिवस. भाच्यानं कुठंतरी ऐकून पाण्यात मीठ घातलं. सगळ्याच बाटल्या तासाभरात नितळ. चिकण माती जवळजवळ नाहीच असं उत्तर आलं. काळ्या रानात! मिठानं मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि वाळूसारखे झटकन बसतात, हे नंतर उमगलं. 14 नमुन्यांची मेहनत वाया.

केमिकलच्या दुकानातून मातीचे कण सुटे ठेवणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणलं, 450 रुपये. रात्रभर भिजवून सकाळी हलवलं तर तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळ. तेच बरोबर होतं.

12-13 एप्रिल

जोतिबाची यात्रा. गडी नाहीत, पोरं डोंगरावर. काम बंद.

20 एप्रिल

तात्यांना घेऊन काठावर फिरलो. कोणत्या वर्षी पाणी कुठं लागलं होतं ते त्यांनी काठीनं दाखवलं आणि प्रत्येक जागेची उंची आम्ही नळीनं खिळ्याशी जोडली. 1989 ला आंब्याच्या बुडख्याला, 2005 ला जॅकवेलच्या खिडकीला, 2019 ला छपरावर. "एकोणीसला छपराच्या वर हातभर, आन् एकवीसला त्याच्याबी वर. पर एकवीसचं लवकर उतारलं."

हे शेवटचं वाक्य मी वहीत अधोरेखित केलंय. 2021 चं पाणी जास्त चढलं, तरी त्याचा थर 5 सेंटिमीटर. 2019 चं थोडं कमी, तरी थर 12. थराच्या जाडीवरून पुराची उंची ठरवायची नाही. पाणी किती दिवस थांबलं, वरून किती माती आणली, कोणत्या नदीनं आणली, हे सगळं त्या जाडीत मिसळलेलं असतं. महिनाभर मी मुलांना 'जाड थर म्हणजे मोठा पूर' असं सांगत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दुरुस्त केलं.

गाळ एवढंच सांगतो की पाणी निदान इथपर्यंत आलं होतं. गाळाच्या वर किती होतं ते तो सांगत नाही.

आणखी एक चूक याच दिवशी सापडली. आमच्या उंची मी थेट राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत लिहिल्या होत्या. बंधारा कसबा बावड्याला, आमच्या जागेच्या खाली. वाहत्या पाण्याला उतार असतो, तिथले फूट आणि इथले फूट एक नव्हेत. तो सगळा रकाना खोडला. आता उंची फक्त खिळ्यापासून.

4 मे

भिंत पावसाळ्यात जाणारच, म्हणून तिचा ठसा घ्यायचं ठरवलं. फेविकॉल निम्मं पाणी घालून भिंतीवर लावायचं, वर मांजरपाट चिकटवायचं, पुन्हा एक हात, वाळलं की सोलून काढायचं. मातीचा पातळ पापुद्रा थरांसकट कापडावर येतो.

पहिला ठसा फसला. सकाळी थर दिसावेत म्हणून पाणी मारलं होतं, ओल आत होती, कापड नुसतंच सुटून आलं. दुसरा कोरड्या भिंतीवर, दुपारी बारानंतर. रात्रभर ठेवला, सकाळी फळीवर हळू सोलला. 0 ते 60 सेंटिमीटर अख्खा आला, मास्कच्या दोरीसकट. कापडाच्या पाठीवर दिशा, खोली, तारीख लगेच लिहा, नंतर वरची बाजू कुठली यावरून भांडण होतं.

11 मे

तळाच्या पायरीत 214 सेंटिमीटरवर कोळशाचे तीन तुकडे, हरभऱ्याएवढे. एका विद्यार्थ्यानं आनंदानं ते कापसात गुंडाळले. कोळशातल्या कार्बनवरून त्याचं वय काढतात, आणि कापूस म्हणजे ताजा कार्बन. दोन तुकडे त्या तंतूंनी माखले, ते बाद. तिसरा चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवला.

चौकशी केल्यावर कळलं की कार्बन-14 वरून भरवशाचं वय काढायला तुकडा बराच जुना हवा. गेल्या तीनेकशे वर्षांतला तुकडा असेल तर एकाच मोजणीला दोन-तीन वेगवेगळी उत्तरं निघतात. शिवाय कोळसा पुराच्या वेळचाच असेल असं नाही, जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड जळलेलं असू शकतं. आमच्या खर्चात ती चाचणी बसत नाही. तुकडा डबीत आहे, खोली आणि फोटोसकट.

22 मे

सोमवारपासून पाऊस. वळीव म्हणावा तर थांबेना. एप्रिल-मे हातात आहेत अशा हिशेबानं तळाची पायरी मागे ठेवली होती, 60 च्या खालचे ठसेही जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचे होते. आज गेलो तर मधली पायरी खाली बसलेली आणि तळ चिखलाच्या पाण्यात. दोन पोरांनी टोपल्यानं पाणी उपसायला घेतलं. वरची कड तडकलेली दिसली, म्हणून लगेच त्यांना वर काढलं. तासाभरानं ती कड आली.

पुढच्या वर्षी तळापासून सुरुवात करून वर येणार. अवघड आणि ओला भाग आधी.

8 जून

हातात काय उरलं ते लिहून ठेवतो. 2 मीटर 30 सेंटिमीटरच्या भिंतीत 17 थर. थर वेगळा धरायला दोन थरांच्या मध्ये गवताची मुळं, गांडुळाची भोकं किंवा वाळून तडकलेली साय असलीच पाहिजे. नसेल तर एकाच पुरात पाणी दोनदा चढलं असं धरलं. वरचे दोन थर पक्के, 2021 आणि 2019. तिसरा बहुधा 2005. चहाच्या पुडीचा थर 1989 चा असावा, तात्यांच्या आंब्याच्या बुडख्याची उंची त्याला जुळते, पण पेन्सिल अजून खोडलेली नाही. त्याखालच्या थरांना वर्षं नाहीत. मात्र प्लास्टिकच्या खाली, 140 आणि 175 सेंटिमीटरवर, हातभर अंतरात दोन थर असे आहेत की त्यांतली वाळू 2019 च्या थरातल्या वाळूपेक्षा भरड आहे, म्हणजे तेव्हा पाण्याला ओढ जास्त असावी. असा पूर कधी झालाच नव्हता, हे वाक्य मी आता म्हणणार नाही. पण ते दोन पूर 2019 पेक्षा मोठे होते असंही म्हणणार नाही. वरची धरणं होण्याआधी नदी वेगळी वाळू आणत असेल, ओढ्यानं आणली असेल. ते पुढचं काम.

खर्च: मजुरी 6,000 (त्यात पहिल्या खड्ड्याचे 2,400), नळी आणि सुतळी 260, पंप 380, चाळण्या 310, केमिकल 450, फेविकॉल आणि मांजरपाट 780, फरश्या 90, पेट्रोल 2,100. एकूण 10,370. दिवस 19, त्यांतले साडेसहा वाया.

फरश्या कशाला, तर यंदाच्या पुराचा थर जन्मापासून मोजायला. आधी पांढऱ्या रांगोळीचा पट्टा ओढून ठेवला होता, गाळ त्यावर बसला की खालची पांढरी रेघ ओळखू येईल म्हणून. पहिल्याच सरीत रांगोळी गेली. मग तुटक्या फरशीचे तीन तुकडे, खरखरीत बाजू वर करून, जमिनीच्या पातळीत बसवले. एक काठाशी, एक मध्ये, एक जॅकवेलजवळ, तिन्हींची उंची खिळ्यापासून. तात्यांना सांगून आलोय की जनावरं तिथं बांधू नयेत. पाणी ओसरलं की चिखल वाळायच्या आत, ओला असतानाच, पट्टी टोचून मापं घ्यायची.